हात रिकामे, कान जागे

प्रश्न: मी ३५ वर्षांची, पूर्णवेळ नोकरी करते. मुलगी सात वर्षांची, मुलगा दोन वर्षांचा. रात्री सहा तास अंथरुणावर असते, पण सकाळी उठते ती दमलेलीच. परवा मुलीला बुटाची नाडी बांधायला वेळ लागला म्हणून तिच्या अंगावर इतकी ओरडले की ती घाबरून दाराला चिकटून उभी राहिली. नंतर ऑफिसच्या बाथरूममध्ये रडले. जो तो सांगतो, 'स्वतःकडे लक्ष दे.' ते ऐकलं की यादीत आणखी एक काम चढल्यासारखं वाटतं. नवरा मदत करतो, सांगेन ते करतो. आता म्हणालाय की दर रविवारी दोन तास मुलांना तो बघेल. पण खरं सांगू, त्या दोन तासांत काय करायचं तेच सुचत नाही. माझंच काही चुकतंय का?

उत्तर:

तुमची ती रविवारची ओळ मी तीनदा वाचली. दोन तास हाती येताहेत आणि काय करायचं सुचत नाही, यात तुमच्या थकव्याचं बरंचसं निदान आहे. तिकडे येतेच. पण मी डॉक्टर आहे, आधी नाडी बघायची सवय सुटत नाही. म्हणून सुरुवात शरीरापासून.

लहान मुलांची आई म्हणजे थकलेली असणारच, हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की तिला तपासायला हवं हे कुणाला सुचतच नाही. नातेवाईक तसं म्हणून मोकळे होतात आणि गर्दीच्या दिवशी आम्ही डॉक्टरही. माझ्या हातून हे झालेलं आहे. एका आईला मी जवळजवळ तीन महिने 'जरा विश्रांती घेत जा' असं सांगत राहिले, आणि तिची थायरॉइड ग्रंथी तोवर पार मंदावली होती. विश्रांतीने थायरॉइड सुधारत नाही. ती अजूनही माझ्याकडेच येते, हा तिचा मोठेपणा.

तेव्हा येत्या आठ-दहा दिवसांत रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि रक्तातली साखर, एवढं पहिल्या खेपेला पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापानुसार गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. पण माझा आग्रह फेरिटिनचा असतो. शरीरात लोहाचा साठा किती उरलाय याचा अंदाज त्यावरून येतो. हिमोग्लोबिन १२.४ दिसतं, सगळे निर्धास्त होतात आणि साठ्याने मात्र तळ गाठलेला असतो. शरीर आधी कोठार रिकामं करतं, मग चालू खर्चाला हात लावतं. दोन बाळंतपणं झालेली, त्यात पाळीत रक्तस्राव जास्त, तर कोठार भरायला सवडच मिळत नाही. पाळी सात दिवसांहून अधिक चालते का, दर तास-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा. कित्येकजणी सांगत नाहीत, कारण सगळ्यांचं असंच असतं अशी त्यांची समजूत असते.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉइडला सूज येऊ शकते. काहीजणींत ही ग्रंथी आधी जास्त काम करते, मग कमी. पुष्कळजणींची पूर्ववत होते, काहींची कायमची मंद राहते. तुमचा मुलगा दोन वर्षांचा आहे, म्हणजे ही शंका फेडून घ्यायलाच हवी. घोरत असाल तर तेही सांगा. झोपेत श्वास अडकण्याचा विकार फक्त जाड पुरुषांना होतो हा समज चुकीचा आहे. सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी दिवसभर गुंगी राहते. आणि हसू नका, पण पाळी चुकली असेल तर गरोदरपणाची चाचणीही करा. थकव्याची तक्रार घेऊन आलेल्या आणि वेगळीच बातमी घेऊन घरी गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

रिपोर्ट चांगले आले तर? 'सगळं नॉर्मल आहे' हे ऐकून काहीजणींचा चेहरा उतरतो. आजार निघाला असता तर निदान झोपून राहायला कारण मिळालं असतं! त्या उतरलेल्या चेहऱ्याकडे मी हल्ली रिपोर्टपेक्षा जास्त लक्ष देते.

यानंतर दोन प्रश्न स्वतःला विचारा. गेल्या महिनाभरात वारंवार उदास, निराश, 'आता काही होणार नाही' असं वाटलंय का? आणि पूर्वी ज्यात मन रमायचं त्यातलं काहीच नकोसं झालंय का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर डॉक्टरांशी सविस्तर बोला. हे नैराश्य असू शकतं, आणि नैराश्य औषधांनी व समुपदेशनाने बरं होतं. ते फक्त बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत येतं असंही नाही. नुसता शीण असेल तर तो बहुतेक वेळा घर आणि मुलं यांच्याभोवतीच असतो. मैत्रिणीशी फोनवर बोलताना तुम्ही अजून हसता, ऑफिसातलं एखादं काम जमलं की बरं वाटतं. नैराश्य मात्र सगळीकडे पसरतं, हसण्यातही. 'मी नसले तर सगळ्यांचं बरं होईल' असा विचार मनात आला, स्वतःला किंवा मुलांना इजा करावीशी वाटली, तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा, एकट्या राहू नका आणि डॉक्टरांकडे जा. तेव्हा दुसऱ्या दिवसाची अपॉइंटमेंट पुरत नाही.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे.

'बर्नआउट' हा शब्द १९७४ मध्ये न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी रूढ केला. मोफत दवाखान्यात झोकून देऊन काम करणारी माणसं काही महिन्यांत विझल्यासारखी होतात, हे त्यांनी पाहिलं होतं आणि स्वतः अनुभवलंही होतं. पुढे हा शब्द नोकरीला चिकटला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात त्याची व्याख्या दिली, तीही नोकरी-व्यवसायातल्या ताणापुरतीच. म्हणजे तुम्ही ऑफिसात जळून गेलात तर त्याला नाव आहे, घरी जळलात तर नाही. यावर मला जे म्हणायचंय ते इथे छापण्याजोगं नाही.

बेल्जियममधल्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचाक या दोन संशोधिकांनी मात्र आईबापांच्या या थकव्याचा स्वतंत्र अभ्यास केला. त्यांनी त्याच्या चार खुणा सांगितल्या आहेत. पालकपणातून आलेला, झोपूनही न उतरणारा शीण. 'मी पूर्वी अशी आई नव्हते' ही बोच. आईपणाचाच वीट येणं. आणि मुलांपासून मनाने लांब जाणं, म्हणजे भरवणं, न्हाऊ घालणं, शाळेत पोचवणं सगळं होतं, पण यंत्रासारखं. तुमच्या पत्रात मला पहिल्या दोन खुणा स्पष्ट दिसतात. चौथी दिसत नाही. मुलीचं ते दाराला चिकटून उभं राहणं तुम्हाला आठवतंय, त्याने तुम्ही रडलात. लांब गेलेली आई त्या दाराचा उल्लेखसुद्धा करत नाही.

याच गटाने ४२ देशांतल्या सुमारे १७ हजार पालकांची पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. ज्या समाजांत जो तो आपापलं बघतो, तिथे हा थकवा जास्त आढळला. गरिबी-श्रीमंतीच्या फरकाने ते पुरतं उलगडत नव्हतं. मला यातून एवढं कळतं, की मूल वाढवणं हे एका माणसाने पेलायचं काम कधी नव्हतंच. एकट्या माणसावर ते पडलं की तो माणूस वाकतो. त्यात त्या माणसाच्या स्वभावाचा दोष शोधण्यात अर्थ नाही. 'माझंच काही चुकतंय का' याचं माझ्याकडचं उत्तर हे.

पण 'सांगेन ते करतो' असा नवरा असूनही तुम्ही एकट्या कशा? इथे थोडं थांबायला हवं.

माझ्याकडे येणारी एक नर्स अतिदक्षता विभागात काम करते, बारा-बारा तास, जिवावरची माणसं सांभाळते. घरी दोन मुलं. ती एकदा म्हणाली, "डॉक्टर, मी तिथे कमी थकते. तिथे शिफ्ट संपते." मी खोदून विचारलं तेव्हा तिने हँडओव्हरचं सांगितलं. येणारी नर्स आली की दोघींनी पेशंटच्या उशाशी उभं राहायचं. काय दिलंय, काय द्यायचंय, कशावर डोळा ठेवायचा, सगळं सांगायचं. समोरचीने 'घेतलं' म्हटलं की जिना उतरायचा. त्यानंतर मॉनिटर वाजला तरी तो तिचा नसतो. "घरी," ती म्हणाली, "नवऱ्याने मुलांना घेतलं तरी मी मॉनिटर ऐकतच असते."

हा तुमचा थकवा. हात रिकामे झाले तरी कान जागे राहतात. हात थांबले म्हणून विश्रांती मिळत नाही, ती 'आता हे माझं नाही' अशी खात्री पटल्यावर सुरू होते.

समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये ३५ जोडप्यांशी बोलून घरातल्या या डोक्याच्या कामाची फोड केली. त्यात चार भाग आहेत. काय लागणार हे आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि नंतर ते नीट झालं का यावर लक्ष ठेवणं. त्यांना आढळलं की निर्णय बऱ्याचदा दोघं मिळून घेतात, पण पहिला आणि शेवटचा भाग, म्हणजे ओळखणं आणि लक्ष ठेवणं, बहुतेक बायकांकडेच असतो. यात प्रत्यक्ष काम करणं धरलेलंच नाही, हे ध्यानात घ्या. हाताचं काम वेगळंच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगभरात बायका बिनपगारी घरकामात आणि सांभाळण्यात दिवसाचे सरासरी ४ तास २५ मिनिटं घालवतात आणि पुरुष १ तास २३ मिनिटं. ही घड्याळाने मोजलेली कामं. कानांच्या जागरणाला घड्याळ लावलेलंच नाही.

तुमच्याच पत्रातला बूट घेऊ. मुलीचा बूट लहान होत चाललाय हे कुणाच्या लक्षात येतं? मापाचा आकडा कुणाला पाठ आहे? नाडीचा घ्यायचा की पट्टीचा, शाळेत कोणता चालतो, जुना धाकट्यासाठी ठेवायचा की देऊन टाकायचा, याचा विचार कोण करतं? नवरा दुकानात जाऊन बूट आणतो, कारण तुम्ही सांगितलं. त्याने मदत केली, खरंच केली. पण पाच कामांतली चार तुमच्या डोक्यातच राहिली आणि त्याला आठवण करून देण्याचं सहावं वाढलं. 'मदत' हा शब्दच मला त्यामुळे खटकतो. ज्याचं काम असतं त्याला दुसरा मदत करतो. आणि इथे काम कुणाचं हे आधीच ठरून गेलेलं असतं.

म्हणून मी कुणाला कामं वाटून घ्यायला सांगत नाही, मुळापासून एक खातं देऊन टाकायला सांगते. तुमच्या घरी मला सकाळचं खातं सुचतं. मुलीला उठवण्यापासून शाळेच्या दारापर्यंत सगळं नवऱ्याचं. दप्तर, डबा, केस, बूट, नाडी, शाळेच्या सूचना. शाळेच्या ग्रुपमधून तुम्ही बाहेर पडा आणि त्याला आत घाला. हे ऐकून तुमच्या पोटात गोळा आला असेल, तर औषध बरोबर जागी लागलंय.

बोलताना तक्रारीचा सूर नको, कारण तक्रारीला लोक स्पष्टीकरण देतात. मुलं झोपल्यावर, दोघंही बरे असताना सरळ सांगा: "सोमवारपासून मुलीची सकाळ तुझी. जे लागेल ते तूच ठरव, तूच बघ. मी मधे विचारणार नाही, आणि तूही मला विचारायचं नाहीस." पहिल्या दिवशी एकदा उभ्याउभ्या सगळं सांगून टाका, त्या नर्ससारखं. किमान काय व्हायलाच हवं तेही तेव्हाच ठरवा. एखादं औषध चालू असेल तर त्याची वेळ आणि मात्रा, रस्त्यावरची सुरक्षितता, शाळेला वेळेवर पोचणं. या यादीत तीन-चारच गोष्टी असाव्यात. वेणी सरळ असणं त्यात येत नाही.

मग महिनाभर जीभ दाबून धरायची. हा सगळ्यात अवघड भाग, आणि बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलगी दोन वेगळे मोजे घालून निघते. तुम्हाला ते दिसतं. तुम्ही म्हणता, 'राहू दे, मीच करते, पटकन होईल.' झालं, खातं परत तुमच्या नावावर. पटकन होतं हे खरंच आहे, कारण तुमचा सात वर्षांचा सराव आहे. त्याला सात आठवडे तरी द्या. वेगळ्या मोज्यांनी कुणी आजारी पडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. शाळेतून एखादी चिठ्ठी येईल, तो ओशाळेल, पुढच्या वेळी बघेल. तुम्हीही असंच शिकलात, फक्त तुमच्या चुका बघायला मागे कुणी उभं नव्हतं.

फ्रिजवर कामांचे तक्ते लावायचा सल्ला सगळीकडे मिळतो. माझा अनुभव फारसा बरा नाही. तक्ता आई बनवते, आई लावते, आणि त्यावर खूण केली नाही म्हणून आईच चिडते.

जिच्या घरात हँडओव्हर घ्यायला दुसरं माणूसच नाही, तिला हे वाचून राग येईल. रास्त आहे. नवरा लांब नोकरीला, विभक्त, किंवा हयात नाही, किंवा घरात असून नसल्यासारखा. अशा आईने कामांची वाटणी करत बसू नये, कामं कमी करावीत, आणि तेही उघडपणे, घरात सांगून. कुठली कामं फक्त लोक काय म्हणतील म्हणून चालू आहेत ते बघायचं आणि ती दोन महिने बंद ठेवायची. दुसरं, आपल्यासारख्याच एखाद्या आईशी पाळीपाळीने करार करायचा. एका शनिवारी माझी मुलं तुझ्याकडे, पुढच्या शनिवारी तुझी माझ्याकडे. उपकाराची मदत मागायला जड जातं आणि वारंवार मागताही येत नाही. अदलाबदलीत ओझं वाटत नाही, म्हणून ती टिकते. माझ्याकडच्या दोघींची चार वर्षं चालू आहे.

झोपेबद्दल. तुम्ही लिहिलंय सहा तास 'अंथरुणावर असते'. शब्द अचूक निवडलात. त्यात दोन वर्षांचा मुलगा किती वेळा उठवतो? तेल अवीव विद्यापीठात २०१४ साली एक साधा प्रयोग झाला. निरोगी तरुणांना एका रात्री आठ तास अंथरुणावर ठेवलं, पण चार वेळा उठवलं, दर वेळी दहा-पंधरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी त्यांची मनःस्थिती आणि एकाग्रता जवळजवळ तितकीच ढासळलेली होती, जितकी सलग चारच तास झोपू दिल्यावर ढासळते. ही एका रात्रीची गोष्ट. तुमच्या किती रात्री अशा गेल्या असतील?

आणखी एक प्रयोग मला नेहमी आठवतो, २००३ सालचा, अमेरिकेतला. दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची कामगिरी घसरत घसरत एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी खाली गेली. पण त्यांना स्वतःला तेवढी झोप आल्यासारखं वाटत नव्हतं. आपण सरावलो असं माणसाला वाटतं, मेंदू मात्र सरावत नाही. 'मला सहा तास पुरतात' असं मला कुणी ठामपणे सांगितलं की मी नुसतं हं म्हणते.

उपाय सलग झोपेचा आहे, एकूण तासांचा नंतर. रात्र दोन भागांत तोडा. साडेनऊ ते अडीच मुलगा नवऱ्याचा, अडीच ते सकाळ तुमचा, किंवा उलट. ज्याची वेळ नाही त्याने वेगळ्या खोलीत किंवा निदान कानात बोळे घालून झोपायचं. कानात बोळे न घालता केलेली वाटणी कागदावरच राहते, कारण मूल रडलं की आधी तुम्हीच उठणार. पाच तास सलग मिळाले की आठवड्याभरात सकाळ वेगळी वाटते, हे मी अनेकींकडून ऐकलंय. जर्मनीत पालकांची वर्षानुवर्षं केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात पहिल्या मुलानंतर सहा वर्षांपर्यंत आईबापांची झोप पूर्वपदावर आलेली नव्हती. तुमच्याकडे दोन मुलं आहेत, म्हणजे हा काही 'थोडे दिवस सोस' म्हणण्याजोगा कालावधी नाही. त्याची व्यवस्थाच लावावी लागेल.

मुलं झोपल्यावर रात्री बारा-साडेबारापर्यंत फोन चाळणं होतं का? तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुतेकींचं होतं. मी त्यावर रागवत नाही. दिवसभरात स्वतःचा म्हणून एवढाच वेळ मिळतो, तो कुणी सुखासुखी सोडत नाही. 'फोन बाजूला ठेव' असा नुसता धाक त्यामुळे टिकत नाही. दिवसा कुठेतरी पाऊण तास तुमचा झाला की रात्रीचा हट्ट आपोआप सैल पडतो. क्रम असाच ठेवा.

व्यायाम, ध्यान, चांगलं खाणं याबद्दल तुम्ही खूप ऐकलं असेल, म्हणून थोडक्यात. चालणं उत्तम, पण कानांची ड्युटी उतरल्याशिवाय सकाळी पाच वाजता उठून व्यायाम सुरू करू नका. झोप कापून केलेल्या व्यायामाने थकलेली आई आणखी थकते. कॉफीचा अर्धा अंमल साधारण पाच तासांनंतरही शरीरात असतो, तेव्हा दुपारनंतर नको. जेवण मुलांच्या ताटातलं उरलेलं, उभ्याने, असं असेल तर निदान एक जेवण बसून करा.

राहिली ती बुटाची सकाळ. ओरडलात त्याचं वाईट वाटतंय, वाटू द्या, पण त्याला आकार द्या. मुलीजवळ बसून दोन वाक्यं बोला: "मी त्या दिवशी खूप जोरात ओरडले. तुझी चूक नव्हती, मी दमले होते. मला माफ कर." पुढे 'पण तूही जरा लवकर' असं जोडू नका, नाहीतर माफी पुसली जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि तान्ह्या बाळांचे व्यवहार क्षणाक्षणाने तपासले, तेव्हा दोघांचा सूर जुळलेला साधारण ३० टक्केच वेळ सापडला. बाकी वेळ चुकामूक, आणि पुन्हा जुळवून घेणं. चांगल्या, निरोगी जोड्यांमध्ये. तुटलेलं परत जुळतं हा अनुभव बाळाला त्यातूनच मिळतो. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५० च्या दशकात 'पुरेशी चांगली आई' ही कल्पना मांडली होती. आई बाळाला सुरुवातीला जवळजवळ पूर्ण पुरी पडते आणि मग बाळाच्या कुवतीनुसार थोडी थोडी कमी पडत जाते, आणि मुलाच्या वाढीला त्या कमी पडण्याची गरज असते, असं त्यांचं म्हणणं. मी याचा आधार घेऊन ओरडण्याचं समर्थन करत नाही. हात उगारला जात असेल, किंवा ओरडणं रोजचं झालं असेल, तर एवढ्यावर भागणार नाही, समुपदेशकाकडे जा. पण एका सकाळीने मुलगी बिघडत नाही.

पुन्हा तसा क्षण आला तर शरीर आधी इशारा देतं. जबडा आवळतो, कानशिलं गरम होतात. तेव्हा समजूतदारपणाची अपेक्षा स्वतःकडून ठेवू नका. मुलं सुरक्षित जागी आहेत एवढं बघा, 'मी दोन मिनिटांत येते' म्हणा आणि दुसऱ्या खोलीत जा. थंड पाण्याने तोंड धुवा. शाळेला पाच मिनिटं उशीर झालेला परवडतो.

आणि आता रविवार. काय करायचं सुचत नाही, कारण ते दोन तास आले तरी मॉनिटर चालूच राहणार हे तुम्हाला आतून माहीत आहे. शिवाय बरीच वर्षं 'मला काय हवंय' हा प्रश्न कुणी विचारलेला नाही, तुम्हीही नाही. तो अवयव वापरात नसल्याने आखडलाय. सोनेनटाग आणि फ्रिट्झ या संशोधिकांनी २००७ मध्ये, कामाचा शीण कशाने उतरतो हे तपासताना चार गोष्टी नोंदल्या होत्या. मन कामातून सुटणं, निवांत वाटणं, काहीतरी नवं जमणं, आणि त्या वेळेवर आपला ताबा असणं. मला यातली शेवटची सगळ्यात महत्त्वाची वाटते. म्हणून रविवारी काय करावं हे मीही सांगणार नाही.

फक्त व्यवस्था सांगते. नवऱ्याने मुलांना घेऊन घराबाहेर जायचं, किंवा तुम्ही बाहेर पडायचं. एकाच घरात दार लावून बसलात तर दाराखालून 'आई' येणारच. फोन बंद ठेवा. अगदीच जीव राहत नसेल तर फक्त त्याचा कॉल येईल असा ठेवा, आणि त्याने रक्त किंवा ताप असल्याशिवाय फोन करायचा नाही असं ठरवून घ्या. त्या वेळात कपाट आवरायचं नाही, ऑफिसचं मेल बघायचं नाही. पहिले दोन-तीन रविवार बहुधा झोपेत जातील, किंवा भिंतीकडे बघण्यात. मग हळूहळू कंटाळा येऊ लागेल. ते चांगलं लक्षण आहे. कंटाळ्यातून माणसाला काहीतरी करावंसं वाटतं, आणि ते काय निघेल हे आज तुम्हाला किंवा मला सांगता येणार नाही. तसा कंटाळा आला की मला दोन ओळी लिहा. आणि फेरिटिनचा आकडा तेव्हा सोबत कळवा, तेवढं विसरू नका.